बाळूचा महिना

भोपाळ
शुक्रवार, २६ एप्रिल १९५७

प्रिय बाबा,

तीर्थरूप लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नाही. साष्टांग नमस्कारही घातलेला नाही, खाली कुठे असेल म्हणून शोधू नका. आत्याकडे आलेलं पत्र सगळ्यांना गोळा करून मोठ्याने वाचायची तुमची सवय मला माहीत आहे. हे तसं वाचू नका. गच्चीवर जा, नाहीतर ऑफिसच्या त्या जुन्या कागदांच्या ढिगात बसा, पण एकटे वाचा. आणि निम्म्यावर 'कमलीला बी. ए. केली तिथेच चुकलं' असं म्हणून घडी घालून खिशात टाकू नका. मंगळवारी तुम्ही येणार. पाय धुऊन खाटेवर बसणार, लाल-निळी पेन्सिल काढणार आणि म्हणणार, हं, बाळासाहेब, आणा तुमचा महिना. ते व्हायच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं. मंगळवारी बाळूचा हिशेब होणार नाही. निदान लिहायला बसले ती तेवढंच सांगायला.

तुमच्या त्या 'महिन्या'चं कौतुक मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकतेय. नागपूरला घरी कुणीही आलं की पोहे संपायच्या आत विषय निघायचा. आमच्याकडे मुलांना चौदावं संपलं की एक महिना अख्खा पगार त्यांच्या हातात. मुलगा असो, मुलगी असो. किराणा त्याने आणायचा, दूध त्याने सांगायचं, भाडं त्याने द्यायचं, घरात ज्याला जे हवं ते त्याच्याकडे मागायचं. शिल्लक पडली तर त्याची. कमी पडले तर वाण्याच्या पायरीवर त्यानेच उभं राहायचं आणि सांगायचं, जमलं नाही, थांबा. पाहुणे माना डोलवायचे. एकजण तर म्हणाले होते, नीळकंठराव, हे शाळेत शिकवायला पाहिजे. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, शाळेतले मास्तर स्वतःच पंधरा तारखेला उसने मागत फिरतात, ते काय शिकवणार. सगळे हसले. पाहुण्यांना एक मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पाकीट पोरांच्या हातात पडायच्या आधी त्यातून तुमचे वेगळे निघायचे. विमा, तंबाखू, क्लबाची वर्गणी. महिना कुणाचाही असो, तुम्हाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. मागायचं ते आम्ही आणि आईने.

आणि आईला विचारायचं नाही, हा तुमचा दुसरा नियम. आईला विचारून केलंत तर तुम्ही शिकलात काय, असं तुमचं म्हणणं. म्हणजे घरात ज्या एका माणसाला डाळ कधी संपते, रॉकेल कधी मिळतं, कुठला वाणी वजनात मारतो हे ठाऊक, तिच्या तोंडाला महिनाभर कुलूप. मी माझ्या महिन्यात एकदा तुम्हाला विचारलं होतं, आईचा महिना कधी. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. आईचा महिना म्हणे, अगं तिचे तर सगळेच महिने. मग तो विनोद पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना पोह्यांबरोबर वाढलात. आईपण हसायची. पाहुण्यांचं हसून झालं की तिचंही लगेच संपायचं आणि ती बशा उचलायची. तुम्ही बघितलंत का कधी? नसेल. तुम्ही पाहुण्यांकडे बघत होतात.

अच्युतदादाच्या महिन्याचं तर तुम्ही नावच काढत नाही. मी तेव्हा लहान होते पण सगळं आठवतं. त्याने हॉकीची स्टिक घेतली, मित्रांना भजी खायला घातली, आणि वीस तारखेला पाकीट रिकामं. तुम्ही त्याला मारलं नाहीत, रागावलातही नाहीत, याचा तुम्हाला फार अभिमान. फक्त म्हणालात, चल, वाण्याला सांगून ये. तो गेला. दुकानात गर्दी होती. वाण्याने सगळ्यांसमोर विचारलं, काय साहेब, आज काय काय उधार. दादा पायरीवर उभा, हातात तेलाची रिकामी बरणी. आणि तुम्ही रस्त्यापलीकडे पानवाल्याच्या आडोशाला उभे राहून बघत होतात, शिकतोय की नाही ते. मी तुमचा हात धरून उभी होते. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं, बाबा. आज दादा जबलपूरला फॅक्टरीत लागलाय, पैसे पाठवत नाही म्हणून तुम्ही त्याला उधळ्या म्हणता. तो उधळ्या नाही. त्याला दुकानात जाताच येत नाही. साबणाची वडी हवी असली तरी खोलीतल्या दोस्ताला पाठवतो, दोस्त वरचे पैसे खातो, हा खाऊ देतो. गेल्या दिवाळीत त्यानेच मला सांगितलं, हसत हसत. दुकानदाराने 'बोला साहेब' म्हटलं की मी पायरीवरूनच परत फिरतो, म्हणाला. हे तुमचं शिक्षण. माझा महिना तर बरोब्बर सुटला होता. तुम्ही पाठ थोपटलीत आणि म्हणालात, वा, मुलगी असून. ती थाप मला अजून लागते.

आता बाळू. नागपूरला निदान गल्ली ओळखीची होती. महिना कुणाचाही असला तरी वाणी आईकडे बघून दोन दिवस थांबायचा. इथे नोव्हेंबरात राजधानी हलली आणि तुमच्या सरकारने आपल्याला सामानासकट आणून टाकलं, त्याला सहा महिनेही झाले नाहीत. क्वार्टरच्या भिंती अजून ओल्या, रस्त्याला झाड नाही, बाजाराला जायचं तर टांग्याचे पैसे नाहीतर उन्हातली तंगडतोड. जुमेराती बाजारातले दुकानदार आपल्याला 'नागपूरवाले बाबू' म्हणतात आणि रोख मोजतात. अशात तुम्हाला महिनाभर नागपूरला जायचा हुकूम आला, जुने कागद लावायला. दुसऱ्या कुणी बायकोच्या हातात पैसे दिले असते. तुम्ही बाळूला हाक मारलीत. देवापुढे पाकीट ठेवून त्याला उचलायला लावलंत. मी नसताना केलंस तर खरं, म्हणालात. शाळा लांब, शिल्लक दाखव, वरचे मी घालतो, जूनमध्ये सायकल, असंही म्हणालात. माझा शाळेत शिकवण्याचा पगारही त्याच पाकिटात गेला होता. तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात.

आणि महिना कुठला दिलात? एप्रिल. नव्या पैशांचा पहिला महिना. सगळा भोपाळ गोंधळलेला. एकाच्या हातात आणे, दुसऱ्याच्या हातात नवे पैसे, आणि तिसरा मधे उभा राहून दोघांना गणित शिकवतोय. बाळूने वर्तमानपत्रात आलेला तक्ता कापून भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्याला सापडलं. एका आण्याचे सहा नवे पैसे धरतात, आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर पंचवीस, आणि एकेक आण्याची चारदा घेतली तर चोवीस. दर चार आण्यांमागे एक नवा पैसा वाचतो. झालं. त्या दिवसापासून घरात काहीही एका आण्यापेक्षा जास्त एकदम आलं नाही. शशीला कामाला लावलं. ती आठ वर्षांची पोर, हातात सहा नवे पैसे घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे जायची, एका आण्याची मेथी आणायची, परत यायची, पुन्हा सहा पैसे घेऊन जायची, एका आण्याचे बटाटे. भाजीवाली ओरडायची, ए बिट्टी, तेरे घर में थैली नहीं है क्या, एक ही बार में ले जा. शशी पढवल्यासारखी सांगायची, भैया ने मना किया है. मग भाजीवालीने मूठ लहान केली, ती काही वेडी नाही. बाळूच्या हिशेबात रोजचे दोन-तीन नवे पैसे जमा आणि ताटात भाजी कमी. जमा त्याला दिसायची, कारण ती तुम्हाला दाखवायची होती. ताट तुम्हाला दाखवता येत नाही.

मी आधी हसत होते, खोटं कशाला सांगू. मजाच वाटत होती. कोटऱ्याहून गफूर दूध घेऊन यायचा, बाळू दारात कमरेवर हात ठेवून उभा राहून म्हणायचा, आज से आधा सेर. गफूर आईला म्हणाला, बाई, ये लड़का तो रियासत का खज़ाना सँभाल लेगा. दुसऱ्या आठवड्यात दुधात पाणी वाढलं. को खाँ छोटे सेठ, आधे में आधा तो ऐसा ही आएगा, म्हणाला आणि सायकल मारत निघून गेला. चहा काळा झाला. आईने उपास वाढवले, मंगळवार आणि शनिवारही धरला. तिने सांगितलं, मारुतीचं बोलले होते. शशीने मला कानात विचारलं, आई केव्हा बोलली होती गं. मग माझं हसू गेलं.

मला बाळूचा राग येत नाही. येतो तो वेगळाच, त्याच्या तोंडून तुम्ही बोलता याचा. आईला दोऱ्याचं रीळ हवं होतं. तो म्हणाला, मागचं संपलं कसं. शब्द तुमचे, मान तिरकी करणं तुमचं, पैसे देण्याआधी नाण्यावरून अंगठा फिरवणंसुद्धा तुमचं. त्याचा आवाज आत्ता फुटतोय, निम्मं वाक्य चिरकं निम्मं जाड, आणि त्यात हे. आई पदर सावरून त्याच्यापुढे उभी होती, बाबा. चौदा वर्षांच्या पोरापुढे. ती त्याच्याशी बोलताना 'रे' म्हणायची थांबली होती. तुम्ही दर आठवड्याला त्याला कार्ड पाठवत होतात. शाबास, हात आखडता ठेव, अडचण सगळ्यांनाच असते, सगळ्या अडचणी आपल्या नसतात. तो ते कार्ड आम्हाला वाचून दाखवायचा. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

नरहरमामा आजारी होता हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. कळवलं असतं तरी तुम्ही म्हणाला असतात, तो कधी नसतो. तुम्हाला तो कधीच आवडला नाही. बुऱ्हाणपूरहून यायचा तो केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन, मावा जिलबीची टोपली घेऊन, सगळ्या गल्लीला वाटायचा. जाताना आमच्या प्रत्येकाच्या हातावर रुपया ठेवायचा आणि मुठी मिटवून म्हणायचा, बापाला दाखवू नका रे, तो याला व्याज लावील. तुम्ही टांगा वळला की मुठी उघडायला लावायचात. त्याचा पगार गिरणीतला, पोरं पाच, तरी त्याच्या खिशातून कायम काहीतरी निघायचं. आजीआजोबा गेल्यावर त्यानेच आईला वाढवलं आणि तिचं लग्न लावलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमचा हुंडा त्याने कसा जमवला तेही तुम्हाला माहीत आहे.

तर पंधरवड्यापूर्वी मामीचं कार्ड आलं. ते अंथरुणाला खिळलेत, पोटात पाणी झालंय, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत, बहिणीला, सुमीला बघायचंय म्हणतात. मी शाळेत होते. हे सगळं मला शशीने नंतर सांगितलं. आईने कार्ड दोनदा वाचलं, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली. बाळू अभ्यास करत होता, परीक्षा तोंडावर होती. ती म्हणाली, बाळू, मला बुऱ्हाणपूरला जावं लागेल असं दिसतंय. बाळू लगेच नाही म्हणाला नाही. तो उठला, उन्हात चालत स्टेशनला गेला, तिकीट खिडकीवर भाडं विचारलं आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत आला. मग आकडेमोड केली. मग आईला म्हणाला, आई, तू एक तारखेला जा. एक तारखेला नवा पगार येतो, बाबा येतात, त्यांच्या महिन्यात जा. माझ्या महिन्यात बसत नाही. आणि मामा मागेही आजारी होता, तेव्हा झालाच ना बरा. शशी म्हणते, आई म्हणाली, बरं. एवढंच. आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. ते कार्ड तिने मला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी हेडबाईंकडून उसने आणले असते, शेजारच्या लीलावतीबाईंकडे मागितले असते, हातातल्या बांगड्या विकल्या असत्या. म्हणूनच दाखवलं नाही. ज्याचा महिना त्याचा शब्द, हा तिसरा नियम. तो तर तुम्ही देवाच्या वाक्यासारखा घरात लावून ठेवलाय. आईने तुमचा एकही नियम आजवर मोडलेला नाही.

तिने वाट पाहिली. एक तारखेची. मला ते तेव्हा कळलं नाही, मला वाटलं ती उन्हाने गप्प झालीय. लुगडं घडी करून ट्रंकेवर काढून ठेवलं होतं, तेही मी बघितलं आणि विचारलं नाही.

सोमवारी दुपारी तार आली. मी तेव्हा नुकतीच शाळेतून आले होते, पाणी पीत होते. तारेवर इंग्रजी, म्हणून पोस्टमनने ती बाळूच्या हातात दिली, घरात पुरुष तोच ना. त्याने वाचली. परत वाचली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला त्याच्या तोंडावरूनच कळलं. मी तार घ्यायला हात पुढे केला तर त्याने दिली नाही. म्हणाला, ताई, मी सांगतो, मीच थांब म्हटलं होतं. आणि तो आत गेला, आई चुलीशी होती, तिच्यासमोर खाली बसला आणि सांगितलं. आवाज त्या वेळी फाटला नाही, काही नाही, अगदी सरळ सांगितलं.  आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पाणी शिंपडलं आणि म्हणाली, तू जेवलास का रे. 'रे' म्हणाली. तेव्हा तो रडला. तोपर्यंत नाही.

मग त्याने पैशांचा डबा आणला आणि तिच्यापुढे उपडा केला. सगळे पैसे. म्हणाला, घे, सगळे घे, सायकल नको. आई संध्याकाळच्या गाडीने गेली, एकटी. मी येते म्हटलं, तर शशीकडे कोण बघणार म्हणाली. मी टांग्याने तिला स्टेशनवर सोडलं. ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडीत बसली. खिडकीपाशी बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि सरळ समोर बघत होती, माझ्याकडे नाही.

आता बाळूचं ऐका. त्याला झोप लागत नाही. चार दिवस झाले, भिंतीवरच्या तक्त्याखाली बसून असतो. काल गणिताचा पेपर होता, येताना त्याने प्रश्नपत्रिका हरवली, पेपर कसा गेला ते सांगता येत नाही. मला विचारतो, ताई, आईच्या तिकिटाचे पैसे अनपेक्षित खर्चात लिहू की माझ्या शिलकेतून वजा करू. बाबा कशावर रागावणार नाहीत. मामाबद्दल तो बोलत नाही. मामा गेला हे त्याच्यापर्यंत पोचलंय, पण त्याच्या आधी तुमची पेन्सिल उभी आहे. त्याने मला हे पत्र लिहायला सांगितलं. बाबांना आधीच कळव, म्हणजे आल्यावर एकदम रागावणार नाहीत. हे त्याचे शब्द. म्हणजे बघा, तो घाबरतो ते तुम्हाला, आणि तरी वाटतं त्याला की तुम्ही न्याय कराल. दादाला पायरीवर उभं केलंत तेव्हा मी तुमचा हात धरून होते. या वेळी मी तुमची खाट आणि बाळू यांच्या मधे उभी राहीन. पेन्सिल काढलीत तर ती मी चुलीत घालीन, हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये.

पण बाळूने सांगितलं ते लिहून झालं, आणि मला दिसतंय की मी त्याच्यासाठी लिहायला बसले नव्हतेच. बाळूला मी सांभाळीन. दुसरंच आहे. बाळूने डबा उपडा केला तेव्हा त्यातून जायचे वेगळे काढले, यायचे वेगळे काढले, दोन ढीग करून आईपुढे सारले. भाडं त्याला पाठ होतं. आईने जायचे उचलले, कनवटीला लावले. यायचे उचलून परत डब्यात टाकले आणि झाकण लावलं. मी दारातच उभी होते. बाळूला वाटतंय तिने त्याच्यासाठी काटकसर केली. रोज सांगतो, ताई, आईने परतीचे वाचवले गं. मी त्याला काही म्हटलेलं नाही. तो चौदाचा आहे, त्याने तसंच समजावं. तुम्ही तसं समजू नका. गाडी सुटताना मी तिला विचारलं, परत कधी. ती म्हणाली, तेव्हा कुणाचा महिना असेल? आणि थोडी हसली, पाहुण्यांसमोर हसायची तशी नाही, मी न बघितलेलं हसली. चार दिवसांत तिचं कार्ड नाही. तिला लिहिता येतं, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा मंगळवारी इकडे येऊ नका. इटारसीची गाडी सोडा, भुसावळची धरा आणि तिथून बुऱ्हाणपूर. मामाच्या दारात जाऊन बसा, तेराव्यापर्यंत बसायला लागलं तर बसा, रजेचं तुमचं तुम्ही बघा. ती यायला तयार असेल तर तिच्याबरोबर या. तयार नसेल तर एकटे या, पण मग बाळूला समोर बसवून, आईने ते परतीचे पैसे का ठेवले, हे तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगणार नाही. शशीही विचारायला लागलीय.

अजून तरी तुमचीच,
कमलिनी